सपरीतली चूल

मु. एकोडी, तालुका साकोली
दि. ३ ऑक्टोबर १९८३

तीर्थरूप मोठ्या बाईले आणि तीर्थरूप भाऊजीले लहान भाऊ इश्वरचा वाकून नमस्कार. पत्र भाऊजीच वाचून दाखवतील, म्हणून आधी त्यांचीच तब्येत विचारतो. भाऊजी, कंबर कशी आहे? रुखमिणीनं मोहाच्या बियांचं, टोळाचं तेल पाठवलं होतं ते चोळलं, का बंडीच्या चाकाले घातलं? मंदाबाई, तुझी म्हैस व्याली काय? तुमच्या गावी करडीले धान कसं आहे? इकडे पाणी बरं झालं, बोडी काठोकाठ भरली, हलका धान पिवळा पडून राहिला, भारी अजून हिरवा आहे. पोट्टे खुशाल आहेत. तुझी भावजय रुखमिणी तब्येतीनं चांगली, मनानं रागात आहे. आत्याबाईची तब्येत मात्र घरात सगळ्यात चांगली आहे, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

तुझा निरोप भेटला. कवडू कासार बांगड्या घेऊन गावात आला, आपल्या अंगणात चार बायांच्या हातात बांगड्या भरता भरता त्यानं तो मोठ्यानं सांगितला. निरोपासोबत तुझा आवाजही आणला होता त्यानं. "म्हातारी आत्या तुले जड झाली काय रे? वेगळी चूल मांडून दिली तिले? बाबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं?" बांगड्या भरायच्या थांबल्या, बाया माझ्याकडे पाहायले लागल्या, आणि मी बैलाले पाणी पाजायच्या नावानं कोठ्यात जाऊन बसलो. बैल पाणी पिऊन कधीचाच मोकळा झाला होता. कवडू गावाबाहेर जाईपर्यंत मी काही बाहेर आलो नाही.

म्हणून हे पत्र लिहून राहिलो. मंदाबाई, नीट ऐक. आत्याबाईले मी वेगळं काढलं नाही. आत्याबाईनंच मले वेगळं काढलं. आता कसं काढलं ते सांगतो, मधात टोकू नको. (भाऊजी, तिनं टोकलं तरी तुम्ही वाचत राहा.)

सरकार निराधार बायांले महिन्याची मदत देते हे तुले माहीत आहे. गेल्या साली ते आपल्या गावात कोणी सांगितलं? आपला शेजारी धनीराम. तालुक्याच्या कचेरीत कोणत्या टेबलावर कोण बसते हे ह्या माणसाले पाठ आहे, फक्त स्वतःच्या बांधीत पाणी आहे का नाही हे तो दुसऱ्याले विचारते. तर धनीराम म्हणे, अर्ज करून काही होत नाही, साहेब घरी येऊन चौकशी करते. म्हातारी भाच्याच्या चुलीवर जेवते हे दिसलं, तर भाचा हाच तिचा आधार, मग मदत कायची? तिची चूल वेगळी दाखवा. मले ते पटलं. रुखमिणीले तर माझ्याहून जास्त पटलं. आज ज्या चुलीच्या नावानं ती बोटं मोडते, ती चूल तिनंच दुपारच्या दोन घटका घालून घरापुढच्या सपरीच्या कोपऱ्यात, दाराच्या डाव्या अंगाले, माती कालवून, तूस घालून, शेणानं सारवून बनवली. अशी सुबक बनवली की आमची स्वतःची चूल तिच्यापुढे गबाळी दिसायले लागली. आत्याबाई बाजूले बसून पाहत होती.  ती काही बोलत नव्हतीच तेव्हा.

साहेब आले. चांगला माणूस होता, उन्हातून सायकलवर आला होता. त्यानं विचारलं, बाई कोण, कुठच्या? मी सांगितलं, माझ्या बाबाची बहीण, चंद्रभागाबाई, लग्नाले वर्ष झालं नाही तर नवरा गेला, सासरच्यांनी पाठवून दिली, तेव्हापासून इथंच. साहेबानं लिहून घेतलं. मग चुलीपाशी वाकून पाहिलं. चुलीवर काजळीचा एक ठिपका नाही. "बाई, ह्या चुलीवर कधी रांधलं?" असं त्यानं विचारलं. धनीराम खोकलला, मी खोकललो, रुखमिणी दाराआड गेली. आणि आत्याबाई उठली. जी बाई पोलीस पाटील दारात आला तरी पदर ओढून भिंतीकडे तोंड करे, ती उठली, घरामागच्या सांदवाडीतून काटक्या आणल्या, काडी ओढली, चूल पेटवली आणि साहेबासाठी गुळाचा कोरा चहा ठेवला. साहेब चहा प्याले आणि सही करता करता म्हणाले, चुलीची काही गरज नव्हती, भाचा धरत नाहीत, पोटचा मुलगा असता तर गोष्ट वेगळी. मी धनीरामकडे पाहिलं. धनीराम वर छपराच्या मयालीकडे पाहत होता.

साहेब गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमिणी फावडं घेऊन चूल मोडायले निघाली, कारण दारात येता-जाता पाय लागे. आत्याबाई चुलीपुढे बसून राहिली. पेटलेली चूल मोडत नाहीत, एवढंच म्हणाली. आता हे तुले मी काय सांगू? नवी चूल जोपर्यंत पेटली नाही तोपर्यंत ती नुसती माती, एकदा जाळ लागला की तिले फावडं लावत नाहीत, आपल्या आईनंही कधी लावलं नाही. खोटी दाखवायची चूल खरी पेटवून बसलो आम्ही! रुखमिणीनं फावडं कोठ्यात ठेवलं. एवढीच आमची चूक, आणि ती झाली ते गुळाच्या चहापायी.

मग मनिऑर्डर यायले लागली. आसाराम पोस्टमन येणार असला की आत्याबाई सकाळीच आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसून सपरीत बसते. आसाराम अंगठा घेते, साठ रुपये हातात ठेवते, आणि चहा पिऊन जाते. चहा तिच्या चुलीवरचा. तू मागच्या भाऊबीजेले आली तेव्हा एवढंच होतं, तू पण दोन कप प्याली होती आणि चांगला झाला म्हणाली होती. तेव्हा तुले वेगळी चूल दिसली नाही काय? (भाऊजी, हे जरा जोरानं वाचा.)

आता मनिऑर्डरीनं काय झालं ते ऐक, कारण करडीले गोष्ट अर्धीच पोचली. आपल्या घरी पैसा म्हणजे धान, हे तुले ठाऊक आहे. मीठ पाहिजे, काढ ढोलीतून धान आणि ने दुकानात. रॉकेल पाहिजे, काढ धान. पोट्ट्याले पाटी पाहिजे, आसारामले टिकिटाचे पैसे पाहिजेत, काढ धान. दुकानदार मोजून घेते ते त्याच्या मापानं. असं करता करता आखाडी आली की ढोली रिकामी, आणि पोळ्याच्या वेळेले आपण लाखोरी डाळीच्या भाकरीवर. बाबाच्या काळापासून हेच. मले वाटे, ढोली असतेच तेवढी. यंदा पोळ्याले रुखमिणी म्हणाली, ढोली झाडून घ्या, उंदीर झाले असतील. मी वाकून हात घातला तर हाताले धान लागलं. कोपरापर्यंत धान. मंदाबाई, मले आधी वाटलं कोणाचं तरी पोतं आपल्या ढोलीत चुकून ओतलं गेलं. मग समजलं, वर्षभर ढोलीतून मीठ-तेलासाठी धान निघालंच नव्हतं. आत्याबाई दर महिन्याले 'माझ्या चुलीले लागते' म्हणून मीठ, तेल, रॉकेल आणत होती आणि बाटली आमच्या अंगाले ठेवून जात होती. कोणाले सांगितलं नाही, मोठेपणा केला नाही. ढोलीत डोकं घालून मी रडलो, तुले सांगायले कायची लाज? रुखमिणीले वाटलं विंचू चावला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण आता चुलीवर चहासोबत भाजी शिजायले लागली. आत्याबाई इतकी वर्षं आपल्या घरी सगळ्यांच्या मागून जेवली, भाताच्या गंजाले लागलेलं खरवडून जेवली. तिले काय आवडते हे कोणाले माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती 'काही पण' म्हणाली असती. आता समजलं. तिले तिखट आवडते. असं तिखट की सपरीत शिंका येतात. साकोलीच्या बाजारातून सुके झिंगे आणते, वांग्यात टाकते, वरून जवसाचं तेल सोडते, आणि तो वास अंगणातून रस्त्यावर जाते. पोट्टे आधी तिच्याजवळ जेवतात, मग आईजवळ येऊन 'भूक नाही' म्हणतात. रुखमिणीचं वरण तसंच राहते. कोणत्या बाईले राग येणार नाही?

(भाऊजी, एवढं मनातल्या मनात वाचा. मी पण जात होतो. रुखमिणीच्या हातचं पोटभर जेवायचं, मग 'आत्याबाईले काय पाहिजे काय पाहून येतो' म्हणून सपरीत जायचं आणि पुन्हा ताटलीभर खायचं. महिनाभर कोणाले पत्ता नव्हता. मग एक दिवस रुखमिणीनं माझ्या मिशीतून झिंग्याचं शेपूट काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मंदाबाईले सांगा की मधात एक ओळ पुसट होती.)

घरातलं घरात राहिलं असतं तर मी निभावलं असतं, पण चुलीचा धूर गावाले दिसते. मागच्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेतल्या दंडारीच्या खेळासाठी पंच वर्गणी मागायले आले. वर्गणी चुलीमागे असते. मी आमची दिली. आत्याबाईनं कनवटीची गाठ सोडून स्वतःची दिली. मी नको नको म्हणत राहिलो, पंचांनी घेऊनही टाकली. दंडारीच्या दिवशी ती बायांच्या पहिल्या रांगेत बसली, कारण वर्गणीवाली! झालं, गावाच्या हिशेबी आपल्या घरी दोन चुली झाल्या. मग आवतन दोन येऊ लागले. तेरवीचं 'घरामागे एक' असं आवतन आलं की मी एक जातो आणि आत्याबाई एक जाते. चूलबंद आवतन आलं, म्हणजे लहान-मोठं सगळं घर जेवायले जायचं, त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, तर बोलावणारा माणूस एकदा रुखमिणीच्या चुलीजवळ सांगते आणि मग चार पावलं चालून आत्याबाईच्या चुलीजवळ पुन्हा सांगते. ती पण अशा मानानं ऐकते, की सांगणाराले बसून चहा प्यावा लागते.

आणि लोक हळहळतात! बिचारी म्हातारी, भाच्यानं वेगळं काढलं. आत्याबाई त्याले नाही म्हणत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. एक श्वास सोडते आणि म्हणते, चालते बाप्पा, देवाची मर्जी. मागच्या आठवड्यात साकोलीच्या बाजारात काय झालं ऐक. ती पुढे, मी मागे. माझ्या खांद्यावर तिची थैली, थैलीत झिंगे, गूळ, चहापत्ती, वर एक केरसुणी. कोण कुठचा एक पागोटेवाला, आत्याबाईच्या सासरच्या गावचा म्हणे, त्यानं भर बाजारात मले उभं करून झापलं. घरच्या म्हाताऱ्या माणसाले वाऱ्यावर सोडलं, तुमचं भलं होणार नाही, असं म्हणाला. केरसुणी माझ्या कानाले टोचत होती. आत्याबाई बाजूले उभी राहून भेळ खात होती. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, आत्याबाई, एक शब्द तरी बोलायचा होता. ती म्हणाली, त्याच लोकांनी मले पाठवून दिलं होतं, म्हटलं थोडं वाईट वाटू दे त्यांले. 

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं. आता हसू येऊन नाही राहिलं. दसऱ्याले नवा आहे. नवा धान उखळात सडून पहिला भात एका चुलीवर शिजते, देवाले दाखवून एका घरचे सगळे एका पंगतीत खातात. एका घरात नव्याचा भात दोन चुलींवर शिजला, म्हणजे वाटणी झाली, मग कागद असो नसो. मागच्या साली आत्याबाई आमच्याच पंगतीत होती. यंदा रुखमिणीनं तिले विचारलं, आत्याबाई, नवा आपल्या चुलीवर नं? ती म्हणाली, माझी चूल आहे बाप्पा. रुखमिणी आत येऊन ढसाढसा रडली. म्हणे, मीच त्या चुलीले माती कालवली, मीच माझ्या हातानं घर फोडलं. राग गेला तिचा, आता नुसती गप्प राहते. मले तो राग बरा वाटत होता. मी स्वतः आत्याबाईले तीनदा विचारलं. 'पाहू' म्हणते आणि काटक्या मोडते.

मंदाबाई, तू येऊन तिले समजाव. तुझं ती ऐकते, तुले तिनं खांद्यावर वाढवलं. माझं ऐकत नाही, कारण मी तिचे झिंगे खाऊन बसलो. (हे पण पुसट होतं, भाऊजी.) पैसे तिचेच राहू दे, त्याच्यातला एक पैसा मले नको, चहा पण तिच्याच चुलीवर होऊ दे. फक्त नव्याले दोन धूर निघू नये. ती बाई आपल्या पंगतीतून उठली तर मग बाबाच्या घरातलं जुनं माणूस म्हणून कोण राहिलं? पोळ्यानंतर मले नीट झोप नाही. भंडाऱ्याहून साकोलीची बस पकड, साकोलीले मी बंडी घेऊन येतो. लहानांले आशीर्वाद, म्हशीले नमस्कार.

तुझा लहान भाऊ,
वेगळा काढलेला इश्वर

ता. क. – वरचं पत्र काल लिहून घडी केली होती. पाकिटासाठी पैसे नव्हते, म्हणून आत्याबाईजवळ मागितले (हसू नका). तिनं विचारलं, कोणाले पत्र? मी म्हटलं, मंदाबाईले. काहून? मी म्हटलं, अशीच खुशाली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळं सांगून टाकलं. मग तिनं रुखमिणीले बोलावलं आणि दोघांले सपरीत बसवलं. नवा तिच्याच चुलीवर होणार. आणि आम्हाले त्याचं चूलबंद आवतन आहे. म्हणजे दसऱ्याले आमची चूल पेटणार नाही, आम्ही सगळे सपरीत तिच्याकडे जेवायले जायचं, तिच्या घरचे पाहुणे म्हणून. मी म्हटलं, आत्याबाई, मग हे तीनदा विचारलं तेव्हा काहून नाही सांगितलं? तर म्हणे, आवतन वेळ आल्यावर देतात, घरात बडबडत नाहीत. रुखमिणी उठून उभी राहिली. मग म्हणाली, धान सडायले तरी मी येऊ काय? आत्याबाई म्हणाली, पाहुणीनं कांडायचं नसते, तू हातपाय धुऊन बस. जन्मात कोणी रुखमिणीले हातपाय धुऊन बस म्हटलं नव्हतं. ती हसायले लागली, मग तिले पुन्हा रडू आलं, मग आत्याबाईनं चहा ठेवला. नव्यानंतर एक चूल राहील का दोन, असं मी विचारलं. ती म्हणाली, आधी जेवा तर.

ता. क. दुसरा – तर तू समजवायले येऊ नको, जेवायले ये. आणि येताना तुझ्या आंदणातला मोठा पितळी गंज आण. आत्याबाईजवळ एवढ्या माणसांचा भात शिजेल असा गंज नाही. रुखमिणीनं आमचा देऊ केला तर तिनं हात लावला नाही. म्हणते, पाहुण्याच्या गंजात रांधून पाहुण्याले वाढू काय? मी विचारलं, मंदाबाईचा चालेल काय, ती पण पाहुणीच. त्याच्यावर ती विचारात पडली आणि म्हणाली, मंदाबाई माझी पोरगी आहे, तिचा चालते.

ता. क. तिसरा – पाकिटाचे पैसे तिचे, म्हणून पत्र पण तिचं, असं ती म्हणते. मी चार पानं काय लिहिली हे तिनं विचारलं नाही, तिले दोन ओळीच लिहून पाहिजेत. सासरी सासूची चूल होती, इथं आधी आजीची, मग आईची, मग रुखमिणीची. कोणाले 'जेवायले या' म्हणायची वेळ तिच्यावर आजपर्यंत आली नव्हती, हे मले लिहिता लिहिता समजलं. मी सुरुवात केली, 'एकोडीले इश्वरच्या घरी नवा आहे.' तिनं हात धरला आणि ते खोडायले लावलं. मग सांगितलं ते जसंच्या तसं खाली लिहितो. भाऊजी, तुम्ही बाकी पत्र कसंही वाचा, एवढं मात्र दारात उभं राहून, शेजाऱ्यांले ऐकू जाईल असं वाचा:

'दसऱ्याले एकोडीले चंद्रभागाबाईच्या घरी नवा आहे. मंदाबाई आणि जवाईबापू, पोराबाळांसकट चूलबंद या.'